बारा सायकली पोचल्या

"वहिनी, लाजायचं काय त्यात? गाडी त्याच्यासाठीच असते," असं म्हणत अभिजीतनं माझ्या हातातून सायकल काढून घेतली आणि टेम्पोत चढवली.

मी लाजत नव्हते. पोटऱ्यांत गोळे आले होते, तोंडाला कोरड पडली होती आणि मला संताप आला होता. सायकलचा नाही, ती बिचारी भाड्याची. संताप होता तो वरच्या वळणावर एक पाय रस्त्याला टेकवून थांबलेल्या माणसाचा.

"बसली का गाडीत?" सुकुमारनं तिथूनच ओरडून विचारलं.

"बसतायत, दादा!" अभिजीतनं परस्पर उत्तर दिलं.

"बरं झालं. दमली असेल. मी होतो मग पुढं."

आणि तो पुढे झाला. वळणावर त्याचं निळं जर्किन क्षणभर दिसलं, मग नुसता डोंगर उरला.

सुकुमार मगदूम म्हणजे तेव्हाचा माझा नवरा. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणायची आणि चारचौघांत 'हे'. आता 'तो' म्हणते. संसारात जे जमलं नाही ते संसार सुटल्यावर जमलं.

इचलकरंजीत त्याचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी जयसिंगपूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की उरलेला तो एकटाच आहे. मी आहे की नाही, याची त्या घरात कुणाला खबरच नव्हती. पहाटे तो सायकल काढून जायचा, आल्यावर दुकान, रात्री सायकलवाल्या मित्रांचे फोन. भांडण नाही, तंटा नाही. त्या दिवाळीत मी सांगितलं, सांगलीला खोली बघते आणि तिकडेच बदली घेते. माझ्या भावानं कपाळाला हात लावला. "मारत नाही, पीत नाही, बाहेर काही नाही. मग तुला झालंय काय?" मला त्याला उत्तर देता आलं नाही.

सुकुमार मात्र त्या दिवशी घाबरला. म्हणाला, "पद्मजा, एक कर. डिसेंबरात आमची घाटांची सहल आहे, चार दिवसांची. तू चल. मी तुझ्याबरोबर चालवीन, तुझ्या वेगानं. चौथ्या दिवशी संध्याकाळी तू जे म्हणशील ते."

खरं सांगायचं तर मला राहायचंच होतं. जाणाऱ्याला निमित्त लागतं म्हणतात, मला राहायला हवं होतं. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी दीड महिना पंचगंगेच्या काठानं सायकल शिकले, दोनदा पडले, आणि निघाले.

पहिला दिवस चांगला गेला. तो खरोखर माझ्या शेजारी राहिला. गिअर कधी बदलायचा ते सांगत होता, झाडांची नावं सांगत होता, त्यातली बरीचशी चूक. मी दुरुस्त करत नव्हते. कितीतरी वर्षांनी त्याची बडबड मला गोड लागत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो शेजारी होता, मग हाकेच्या अंतरावर पुढे. म्हणाला, "फार हळू चालवलं की माझी कंबर धरते गं." तिसऱ्या दिवशी भैरीचा घाटमाथा होता. कोल्हापूरकडून चढत जायचं आणि पलीकडे खाली कोकणात उतरायचं. त्या दिवशी तो सकाळपासूनच वळणावळणांवर थांबून माझी वाट बघत होता. मी पोचले की निघत होता. थांबायचा तो, पण मी पोचून श्वास घेईपर्यंत तो गेलेला असायचा.

टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मी माथ्यावर आले तेव्हा सगळे जेवून पांगले होते. माथ्यावर भैरीचं लहानसं देऊळ, समोर पत्र्याची चहाची टपरी आणि एक एस. टी.चा फलक, बाकी काही नाही. आभाळ भरून आलं होतं. खालून कोकणातून धुकं वर सरकत होतं आणि दरीच्या कठड्यापलीकडे सगळं पांढरं झालं होतं. उताराच्या आनंदात मंडळी आली होती. चढताना देवाचं नाव घेणारी माणसं उतार आला की शाळकरी पोरं होतात. सुकुमारही त्यांच्यात होता. मला बघून त्यानं 'मस्त' अशा अर्थानं अंगठा वर केला.

मला बाथरूमला जायचं होतं. घाटात बायकांची ती एक वेगळीच मोहीम असते. टपरीवाली बाई, चंद्राक्का तिचं नाव, ती म्हणाली, "त्या देवळामागनं पायवाट हाय, खाली आमचं घर. सून हाय घरात, जावा." मी टेम्पोच्या ड्रायव्हरला सांगितलं, "येते हं मी." त्यानं मान हलवली. तो दोरीचं टोक दातात धरून ताडपत्रीची गाठ आवळत होता. मान त्यानं हलवली ती गाठीसाठी, हे मला नंतर कळलं.

परत आले तर रस्ता मोकळा. टेम्पो नाही, आचाऱ्याची जीप नाही, सायकली नाहीत. केळ्याच्या साली तेवढ्या होत्या.

"गेली की वो तुमची मानसं," चंद्राक्का म्हणाली. "तुमी ऱ्हायला व्हय?"

"येतील. लक्षात आलं की येतील."

"कसं काय ऱ्हायला? मोजत न्हाईत काय?"

मोजत होते. रोज मोजत होते. अभिजीत खोत हा आमचा म्होरक्या, कोल्हापूरचा, उत्साही आणि गोड बोलणारा पोरगा. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हाला आपली पद्धत अभिमानानं सांगितली होती. माणसं मोजायला गेलं की एक फोटो काढायला गेलेला असतो, एक झाडामागं, एक चहाला. सायकल जागची हलत नाही. म्हणून प्रत्येक सायकलीला नंबराची पाटी, आणि मुक्कामावर पाट्या मोजायच्या. बारा भरल्या की सगळे आले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माझी सायकल टेम्पोत होती. बारा भरणारच होत्या. आणि मी कुठे आहे असं वाटलंच, तर टेम्पोवाल्याला वाटणार जीपमध्ये, जीपवाल्याला वाटणार टेम्पोत.

"फोन हाय न्हवं?" चंद्राक्कानं विचारलं.

"आहे."

"मग लावा की. हितं रेंज येतीया. खाली न्हाई येत धड, पन हितं फुल्ल."

मी फोन काढला. खरंच रेंज पूर्ण होती. मी त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला.

चंद्राक्कानं भुवया वर केल्या. "लावत न्हाई?"

"लावते. थोड्या वेळानं."

याला हट्ट म्हणा, पोरकटपणा म्हणा. पण मला एकदा बघायचंच होतं. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न रोज पडायचा आणि उत्तर मिळायची सोय नव्हती, कारण घरातून मी नाहीशी कधी झालेच नव्हते. आता आयती झाले होते. उताराला अर्धा तास लागेल, असा मी हिशेब केला. मग तो सायकल उभी करेल, इकडेतिकडे बघेल, आणि विचारेल, पद्मजा कुठं आहे?

मी टपरीच्या बाकड्यावर बसले आणि फोन हातात घेऊन थांबले.

"नवरा बी हाय काय त्यात?" चंद्राक्कानं थोड्या वेळानं काढलंच.

"आहे."

"कंचा? त्यो उंच, निळ्या कापडातला?"

"सगळेच निळ्यात होते."

"व्हय की. सगळी एका चाळीतली पाखरं," ती हसली. "आमचा बी आसाच. एकदा मलकापूरच्या बाजाराला गेलो म्हस घ्याया. म्हस घिऊन गडी घरला आला, आन मी बाजारातच! म्हशीला इसरला न्हाई, मला इसरला."

"मग?"

"मग काय, चालत आले. दोन दिस भाकरी घातली न्हाई. तिसऱ्या दिशी पाया पडला." ती कपबशा विसळत होती. "पन त्यो निम्म्या वाटंत म्हशीला पानी दावाया थांबला तवा ध्येनात आलं म्हनं त्येच्या. परतला बी हुता. वाट चुकली आमची दोघांची."

मी हसले. पण अर्धा तास कधीच होऊन गेला होता. फोन गप्प होता.

धुकं टपरीत शिरलं. समोरचं देऊळ दिसेना झालं. अंगातला घाम थंड पडून मला हुडहुडी भरली तेव्हा चंद्राक्कानं आतून घोंगडं आणून माझ्या अंगावर टाकलं. त्याला धुराचा आणि शेरडांचा वास होता. "वडा तळू का? गरम हाय त्याल."

"सूर्य मावळला का हो?"

"कुनाला ठावं. दिसतोय कुठं?"

आमच्याकडे सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. सासूबाईंचा दंडक, आणि सासूबाई गेल्यावर सुकुमारचा. सहलीतही आचारी आम्हा दोघांना दिवस मावळायच्या आत वाढायचा, बाकीचे रात्री जेवायचे. मी पश्चिमेकडे बघितलं, चंद्राक्कानंही बघितलं. तिकडेही इकडच्यासारखंच पांढरं होतं. "नको," मी म्हणाले. शंका आली की घास घेऊ नये, असं सासूबाई म्हणायच्या.

आता मला भूक लागली होती, थंडी वाजत होती आणि लाज वाटत होती. फोन लावला असता तर केव्हाच गाडी आली असती. पण जसजसा वेळ जात होता तसतसं फोन लावणं अवघड होत होतं. लावला असता तर मला ते कळलं नसतं. आणि आता कळत होतं, पुरेसं कळत होतं. खाली ते सगळे चहा पीत असतील, पाय शेकत असतील. माझा नवरा कुठल्या वळणावर किती वेगानं उतरला ते सांगत असेल. मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही.

"कोल्लापूरची गाडी येतीया," चंद्राक्का कान देऊन म्हणाली. खालून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. "शेवटची. ही गेली की एकदम सकाळचीच."

मी उठले. घोंगडं घडी करून बाकावर ठेवलं. मनात सगळं स्पष्ट झालं होतं, आश्चर्य वाटावं इतकं. कोल्हापूर, तिथून सांगली, मामेबहिणीकडे. उत्तर द्यायला चौथ्या दिवसाची गरज उरली नव्हती. एस. टी. धुक्यातून बाहेर आली, मी हात केला, ती थांबली, कंडक्टरनं दार उघडलं. आणि माझ्या खिशात फोन वाजला.

"वहिनी!" अभिजीतचा आवाज फाटला होता. "कुठं आहात तुम्ही?"

"वरच. टपरीवर."

"आईशप्पथ. वहिनी, चूक झाली ओ. बारा सायकली पोचल्या, मला वाटलं सगळे आले. तुम्ही जीपमध्ये झोपलाय असं वाटलं आम्हाला. आचारीमामांनी तुमची दोघांची ताटं वाढली, दादा बसले जेवायला, तुमचं ताट तसंच. मामा उठवायला गेले तर जीप रिकामी! मघापासून रेंजसाठी पळतोय मी."

"ह्यांना कधी कळलं?"

"तेव्हाच! दादा ताटावरनं उठले, वहिनी. अर्ध्या ताटावरनं. मी जीप काढत होतो, तर म्हणाले, मीच जाणार. निघाले पण! सायकलवर! सगळा घाट चढून येतायत तुमच्यासाठी."

"ताई, यायचंय का?" कंडक्टरनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "माझा माणूस येतोय."

आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं होतं. दार आपटून गाडी निघून गेली आणि मी रस्त्यातच उभी राहून रडले. अर्ध्या ताटावरून उठला म्हणजे आता त्याला उद्या सकाळपर्यंत अन्नपाणी नाही, आणि तसा तो घाट चढत होता. आपल्या वडलांच्या मातीच्या दिवशीही तो वेळेवर जेवला होता. एवढ्या वर्षांत कशासाठीही त्याला ताट सोडताना मी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवसाचं उत्तर माझ्यापाशी तयार झालं. राहते म्हणणार होते. सांगलीची खोली नको, बदली नको. मुलगी सुटीला आली की तिला ही गोष्ट सांगायची, हेही मी तिथेच ठरवून टाकलं.

"काय झालं वो?" चंद्राक्का धावत आली.

"येतायत ते. सायकलवरून. माझ्यासाठी घाट चढून येतायत."

"ह्या वक्ताला? सायकलवर?" तिनं गाल चोळला. "आन गाडी काय करतीया?"

"गाडी असेल मागे."

"गाडीतनं अर्ध्या घंट्यात आला असता की."

"तुम्हाला नाही कळायचं ते," मी फटकन म्हणाले. तिच्याच घोंगड्यात गुरफटून मी तिलाच बोलले. तिनं सुनेला हाक मारून "मला टाइम हाय गं" एवढं सांगितलं आणि दुकान न मिटता स्टोव्हपाशी बसून राहिली.

अंधार पडला. टपरीत एकच बल्ब होता, धुक्यानं त्याचाही उजेड दोन पावलांपलीकडे जाईना. माझे दात वाजत होते, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी कठड्यापाशी जाऊन खाली बघत होते. मधूनच धुकं फाटायचं आणि घाटाची खालची वळणं काळी काळी दिसायची.

बऱ्याच वेळानं खाली दोन दिवे दिसले. वळणाआड गेले, पुन्हा दिसले. पुन्हा गेले. मी वाट बघत राहिले. दिवे पुढच्या वळणावर यायला इतका वेळ लागला की मला वाटलं, गाडी बंद पडली.

"गाडी हाय का बैलगाडी?" चंद्राक्का माझ्यामागे येऊन म्हणाली.

मग माझ्या लक्षात आलं. जीप सुकुमारच्या मागे होती. त्याला उजेड दाखवत ती त्याच्या चालीनं चढत होती. बरोबरच आहे, मी मनाशी म्हणाले, धुक्यात त्याला रस्ता कसा दिसणार? एवढ्या अंधारात त्याला एकटं सोडून गाडी पुढे कशी येईल? मी त्याची बाजू मनातल्या मनात मांडत होते आणि ती मला पटतही होती. चंद्राक्का काही बोलत नव्हती, तरी तिलाच पटवत असल्यासारखी मांडत होते.

शेवटच्या वळणावर तो दिसला. पॅडलवर उभा राहून, मान खाली, तोंड उघडं, मागून जीपच्या दिव्यांचा झोत. त्याची लांबलचक सावली त्याच्याआधी माझ्यापर्यंत आली. मी घोंगडं टाकून पुढे धावले.

देवळासमोरच्या फरशीपाशी तो थांबला. पाय टेकवला आणि हात वर केला. मला वाटलं, माझ्यासाठी. मीही हात वर केला. त्यानं डावं मनगट तोंडासमोर धरलं होतं. उजव्या हाताच्या बोटानं त्यानं घड्याळाची कळ दाबली. सायकलवाल्यांचं ते घड्याळ असतं, चढायला किती वेळ लागला ते सांगणारं. काचेवर दव धरलं होतं, ते त्यानं अंगठ्यानं पुसलं, घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि वाचलं.

आणि तो हसला. कुणाला दाखवायला नाही. आपण एकटे आहोत असं वाटत असलेला माणूस हसतो तसा, आपलाआपण. मी चार पावलांवर उभी होते.

मग त्यानं मान वर केली, इकडेतिकडे बघितलं, आणि मी दिसले. "पद्मजा! ठीक आहेस ना तू?"

सायकल तशीच आडवी टाकून तो माझ्याकडे आला. माझे दोन्ही हात त्यानं हातात घेतले. त्याचे हात बर्फासारखे गार होते आणि डोळ्यांत पाणी होतं. यातलं काहीही खोटं नव्हतं, तेव्हाही मला ते खोटं वाटलं नाही.

"फोन का नाही केलास गं?"

"तुम्ही का नाही केलात?"

"मला वाटलं तू जीपमध्ये झोपलीयस. अभिजीत मला विचारत होता, वहिनी उतरल्या नाहीत का? मीच म्हटलं, दमलीय ती, झोपू दे. उठवू नका कुणी."

किती मायेनं सांगत होता तो. माझी झोप मोडू नये म्हणून त्यानं सगळ्यांना बजावलं होतं, आणि जीपच्या काचेतून आत डोकावून मात्र बघितलं नव्हतं. मला आमच्या घरातल्या कितीतरी संध्याकाळी आठवल्या. तिला पडू दे, तिला त्रास नको, तिचं ती बघेल. माझ्या भावाला जे सांगता आलं नव्हतं ते हे होतं.

अभिजीत जीपमधून उतरून आला, माझ्या पायाच पडायचा बाकी होता. "वहिनी, माफ करा. दादा, टाकू का सायकल वर?"

सुकुमारनं उताराकडे बघितलं. धुक्यात रस्ता दहा हातांवर संपत होता. "आता उतारच आहे रे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तू बस आत, गरम आहे जीपमध्ये. मी पुढेच असतो, तुला दिसत राहीन. जाऊ ना?"

"जा," मी म्हणाले.

मी चंद्राक्काला घोंगडं परत दिलं. मघाशी तिला बोलले त्याबद्दल काहीतरी म्हणणार होते, पण तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जावा सावकाश. खाली वाकडी वळनं हाईत." तिनं लगेच बल्ब विझवला. बिचारी केव्हाची खोळंबली होती.

उतरताना सगळा वेळ काचेसमोर सुकुमारची पाठ होती, निळी, दिव्यांच्या झोतात चमकणारी. तो वळणांवर सुरेख झुकत होता. चांगला चालवत होता तो, खरंच चांगला. मला त्याचा राग येत नव्हता. फार वाईट वाटत होतं, आणि ते बरंचसं त्याच्यासाठी होतं.

"काय माणूस आहे वहिनी!" अभिजीत माझ्या शेजारून म्हणाला. झालेल्या चुकीवर त्याला काहीतरी गोड पांघरायचं होतं. "उपाशीपोटी, या धुक्यात! पहिल्या दोन वळणांतच मी म्हटलं होतं, दादा, आम्ही पुढं होऊन वहिनींना घेतो, तुम्ही या मागनं. तर म्हणाले, नको, उजेड जाईल. पाय नाही टेकला ओ कुठं, एकदासुद्धा."

"हो," मी म्हणाले.

मुक्कामावर सगळी मंडळी अंगणात उभी होती. सुकुमार आत शिरला तशी टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याला खांद्याला धरून हलवलं, कुणीतरी वेळ विचारली आणि त्यानं सांगितली. मग सगळे माझ्याभोवती आले, बिचाऱ्यांनी माफ्या मागितल्या. आचारीमामांनी माझं ताट दुसऱ्या ताटाखाली झाकून ठेवलं होतं. शेजारी त्याचं अर्धं ताट होतं. दोघांनाही आता ते चालणार नव्हतं.

सगळे जेवायला बसले तेव्हा आम्ही दोघं मागच्या पडवीत पायरीवर बसलो. तो अजून उल्हासात होता, गुडघे हलवत होता. "उद्या चौथा दिवस," तो म्हणाला. "उद्या मी तुझ्या शेजारीच चालवतो. एक क्षण पुढं जाणार नाही. संध्याकाळी तू सांगणार आहेस ना?"

"आजच सांगते," मी म्हणाले आणि सांगितलं. फार बोलावं लागलं नाही. सांगलीला जाते, सकाळच्या गाडीनं.

त्याचे गुडघे हलायचे थांबले. तो चिडला नाही, ओरडला नाही. एखाद्यानं हिशेब नीट मांडावा आणि उत्तर चुकीचं यावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

"पण मी आलो होतो ना, पद्मजा?"

"आला होतात," मी म्हणाले.

हेच त्यानं पुढे माझ्या भावाला विचारलं, वकिलासमोर विचारलं, मुलीला विचारलं. आमच्या पाहुण्यारावळ्यांत लग्नकार्याला ही हकीकत अजून निघते. बायको घाटावर राहिली म्हणून माणूस अर्ध्या ताटावरून उठला, उपाशी, अंधारात सगळा घाट सायकलनं चढून गेला, आणि तरी ती बाई नांदली नाही. सांगणारा सांगतो आणि ऐकणाऱ्या बायका माझ्याकडे वळून बघतात. यातला शब्दन् शब्द खरा आहे, म्हणून मी गप्प बसते. नवऱ्यानं घड्याळ बघितलं म्हणून घर सोडलं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार आहे?